आधी थेंब, मग दर्या

मुनीरभाईंनी माझ्या आईचा फोटो भिंतीवरून उतरवला, उलटा करून मांडीवर घेतला आणि पाठीमागच्या लोखंडी चुका पकडीनं उपटायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची माझी ओळख होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. छावणीतल्या या घरात मी नुकतीच राहायला आले होते. ते आणि रझियाभाभी शेजारी म्हणून भेटायला आले. भाभींच्या हातात झाकलेली ताटली होती. मुनीरभाई पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, पण माणसाचं लक्ष कुठं आहे ते कळतंच की. त्यांची नजर भिंतीवरून हलत नव्हती.

"ताई, ही तसबीर जुनी हाय. कुठून बनवली?"

"माझ्या वडिलांनी गुलमंडीच्या बाजारातून आणली होती. फार वर्षं झाली."

गुलमंडी म्हटल्याबरोबर ते उठलेच. "पाठ बदलून देतो. पुठ्ठा सडला असंल. पैसे नक्को."

मी हो-नाही म्हणायच्या आत फोटो त्यांच्या मांडीवर होता. खिशातून पक्कड निघाली. हा गृहस्थ शेजाऱ्याला भेटायला येताना पक्कड घेऊन येतो, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पाठ उघडली. आत तपकिरी कागद आणि एका जुन्या कॅलेंडरचं पान निघालं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, मागंपुढं करून पाहिलं, "नाय," म्हणाले, आणि नवा पुठ्ठा घालून फोटो परत खिळ्याला अडकवला. थोडा तिरकाच. माझी आई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हनुवटीवर ठसठशीत तीळ, आणि 'जरा माझ्याकडं बघा तरी' असा चेहरा, भिंतीवरून त्यांच्याकडे बघत राहिली. पण त्यांनी पुढच्या बाजूकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. मला रागच आला. ते गेल्यावर भाभींची ताटली उघडली, तर गरम खिमा-समोसे निघाले, म्हणून राग जरा आवरला.

पुढं कळलं की या शहरातल्या निदान अर्ध्या जुन्या घरांत मुनीरभाईंनी असाच प्रवेश केलेला होता. छावणीच्या बाजारात त्यांचं फ्रेमांचं छोटं दुकान होतं. लोक तिथं लग्नाचे फोटो, मक्का-मदिनेच्या तसबिरी, गणपती, पोरांची प्रमाणपत्रं असं काय काय घेऊन यायचे. ते सगळं ते नीट करून द्यायचे. पण त्यांना चित्रात रस नव्हता, चित्रामागच्या कागदात होता. नवी फ्रेम करायला कोणी आलं तर ते निम्म्या लक्षानं मापं घ्यायचे. जुनी फ्रेम घेऊन आलं, की चहा मागवायचे.

त्याचं कारण त्यांनी मला लगेच सांगितलं नाही. आधी संग्रह दाखवला. दुकानामागच्या खोलीत एक रुंद, चपटा पत्र्याचा पेटारा होता. त्यात मलमलीत गुंडाळलेले तीस-बत्तीस मोठे कागद होते. त्यांनी एकेक उलगडला आणि मी थक्क झाले. रेल्वेचे जुने इश्तिहार, भिंतीवर लावायच्या जाहिराती! सगळे समुद्राचे. पुरीची सोनेरी वाळू आणि छत्रीखाली टेकलेली बाई. वॉल्टेअरच्या किनाऱ्यावरचे खडक. माडांच्या रांगेतून दिसणारी निळी पट्टी, आणि त्या पट्टीवर एवढीशी पांढरी शिडं. खाली ठळक इंग्रजी अक्षरांत निमंत्रण, की सुट्टी समुद्रावर घालवा, गाडीनं या. काहींवर उर्दूतही. आगगाडी चित्रात कुठंच नव्हती. नुसता समुद्र आणि निवांत बसलेली गोरीगोमटी माणसं.

"हे लोक काम कवा करत असतील, ताई?" मुनीरभाई म्हणाले. "आणि बघा, एकाच्या बी पायाला वाळू लागलेली नाय."

समुद्रापासून इतक्या लांबच्या आमच्या गावात हे इश्तिहार आले ते त्यांच्या वडिलांबरोबर. करीमसाहेब हैदराबादच्या एका छापखान्यात चित्रकार होते. रेल्वेसाठी इश्तिहार काढायचे. पुढं सगळं सोडून गावी परतले आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. येताना आणलेली इश्तिहारांची सगळी चळत त्यांनी गुलमंडीवरच्या एका फ्रेमवाल्याला देऊन टाकली. कागद जाड, मजबूत. फ्रेमवाल्यानं तो तसबिरींच्या पाठीला लावला. असा सगळा समुद्र शहरभर वाटला गेला, देवांच्या आणि आजोबांच्या मागं, भिंतीकडे तोंड करून.

"अब्बांनी दिले कशाला पण?"

मुनीरभाई मलमलीची घडी घालत होते. ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"एकात माझी अम्मी हाय," ते म्हणाले.

अम्मी गेली तेव्हा मुनीरभाई अडीच वर्षांचे होते. तिचा एकही फोटो नाही. "आमच्यात तवा बायकांचे फोटो काढत नव्हते, आणि काढणारे आमच्याकडं येत नव्हते." वडिलांनी मरायच्या आधी, मुलगा बारा वर्षांचा असताना, एवढंच सांगितलं होतं: तुझ्या अम्मीला मी रेल्वेच्या इश्तिहारात दर्यावर उभी केली आहे, अंगावर हिमरूची शाल आहे, हिरवी. ती गेल्यावर बघवेना म्हणून सगळी चळत देऊन टाकली. आठ दिवसांनी परत आणायला गेलो, तर फ्रेमवाल्याला आठवेना कुठली कुठं गेली.

"इश्तिहार म्हणजे शेकड्यानं छापतात, ताई. एक तरी राहिलाच असंल. कुणाच्या तरी घरात माझी अम्मी भिंतीकडं तोंड करून उभी हाय. साठ वर्षं झाली."

मी एका दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं पोट. त्यामुळे माझं पहिलं म्हणणं चेहऱ्याबद्दल नव्हतं. मी म्हटलं, "मुनीरभाई, कुठंतरी खालच्या बाजूला चित्रकाराचं नाव असतं. बारीक. आपण ते बघायला हवं." बत्तीस कागद भिंगाखाली घातले. एकावरही करीमसाहेबांचं नाव नव्हतं. छापखान्याचं होतं, रेल्वेचं होतं. ज्यानं काढलं त्याचं नव्हतं. मला त्याची चीड आली. तेव्हापासून आमच्यात ठरूनच गेलं: चेहरा त्यांनी शोधायचा, नाव मी. नवा कागद निघाला की ते वरून बघायला लागायचे आणि मी खालून.

त्यांचं काम बघत बसणं हा माझ्या निवृत्तीतला मोठा विरंगुळा होता. तसबिरीमागचा कागद खळीनं पुठ्ठ्याला चिकटलेला असतो. तो ओढून निघत नाही, फाटतो. मुनीरभाई तो पुठ्ठ्यासकट रिठ्याच्या कोमट पाण्यात घालायचे. त्यासाठी पत्र्याचा मोठा पसरट ट्रे बनवून घेतला होता. खळ फुगते, पुठ्ठा सुटतो, वर्षानुवर्षांचा धूर आणि मळ पाण्यात उतरतो. छापखान्याची शाई तेलातली, तिला पाण्याचं भय नाही. तरीही ते कधीही कागद सरळ पाण्यात टाकत नसत. खालच्या डाव्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, शंभर आकडे मोजायचे, मग टीपकागद दाबायचा. टीपकागद कोरा निघाला तर पुढचं काम.

"आधी थेंब, मग दर्या," ते म्हणायचे. हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. गल्लीत कोणी मुलीचं लग्न घाईनं ठरवायला निघालं, तरी त्यालाही ते हेच ऐकवायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर गायकवाड गुरुजींकडे गेले होते. निवृत्त शिक्षक, स्वभावानं कडक. त्यांच्या बैठकीत बाबासाहेबांची मोठी तसबीर होती, गुरुजींच्या वडिलांनी दीक्षेनंतर आणलेली, गुलमंडीवरूनच. मुनीरभाई महिनाभर त्यांच्या मागं लागले होते. शेवटी गुरुजी तयार झाले, पण एका अटीवर.

"तसबीर जमिनीवर पालथी घालायची नाही. कुणाच्या मांडीवर पण नाही. मी धरतो, तुम्ही उघडा."

आणि खरोखरच पंचाहत्तरीचा तो माणूस दोन्ही हातांनी तसबीर छातीशी उभी धरून पाऊण तास खुर्चीत ताठ बसला. मुनीरभाई खुर्चीमागून हात घालून एकेक चूक काढत होते. गुरुजींचे दंड थरथरायला लागले. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मी धरते." गुरुजी म्हणाले, "गप."

आतून निघाली ती पुरी. सोनेरी वाळूवाली. मुनीरभाईंनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बाई होती, पण छत्रीवाली. शाल नव्हती.

"नाही का?" गुरुजींनी विचारलं.

"नाय, गुरुजी."

"लई वाईट वाटलं बघा." गुरुजींनी तसबीर परत टांगली, दोन पावलं मागं जाऊन सरळ आहे का पाहिलं आणि मुनीरभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "कागद न्या तुम्ही. आमच्या भिंतीला समुद्र काय करायचाय."

परत येताना मुनीरभाई माझ्यापुढं भरभर चालत होते. मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "ताई, आता गुलमंडीच्या काळातली किती घरं राहिली असतील? लोक जुनं घर पाडतात, तसबिरी भंगारात देतात. मी एका भिंतीपाशी जातो तवर दुसरी चार पडलेली असतात." तेव्हा ते सत्तरीला आले होते. हाताला कंप सुटायला लागला होता. त्यांची घाई मला तोवर विनोदी वाटत होती. त्या दिवसापासून वाटेनाशी झाली.

मुनीरभाईंनी समुद्र कधी पाहिला नाही. भाभींची फार इच्छा होती. मुंबईला नातेवाईक होते, बोलवायचे. हे म्हणायचे, "आधी अम्मीबरोबर बघीन, मग तुझ्याबरोबर." भाभी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारायच्या. "सासूबाई गुजरून जमाना झाला, तरी पहिला नंबर त्यांचाच!"

गंमत म्हणजे करीमसाहेबांनीही समुद्र पाहिला नव्हता. एका रविवारी मुनीरभाई मला हर्सूलच्या तलावावर घेऊन गेले आणि काठावरची एक जागा दाखवली. सुट्टीत गावी आले की अब्बा इथं बसून चित्रं काढायचे. शेजारी अम्मी बसायची.

"त्यांनी दर्या असाच बनवला, ताई. हा तलाव काढला, आणि पलीकडचा काठ पुसून टाकला. झाला दर्या."

मी डोळे बारीक करून पलीकडचा काठ पुसायचा प्रयत्न केला. मला जमलं नाही. त्यांना जमत असावं, कारण ते बराच वेळ तसेच उभे होते.

मग सिल्लोडचा आरसा आला.

एका जुन्या खानावळीत तो पन्नासेक वर्षं चुलीसमोर टांगलेला होता. खानावळ पाडली, आरसा भंगारवाल्याकडे आला. त्या भंगारवाल्याला मुनीरभाईंचं वेड ठाऊक होतं. त्यानं तो टेम्पोत टाकून पाठवला. मी दुपारी दुकानात गेले तेव्हा पाठीचा पुठ्ठा निघालेला होता. त्याला एक मोठा कागद चिकटलेला होता, पण त्याला कागद म्हणवत नव्हतं. धूर आणि तेलाचा काळाकुट्ट थर. तव्याच्या बुडासारखा. खालच्या बाजूला मुनीरभाईंनी कापसानं पुसून चार बोटं जागा उघडी केली होती. तिथं ती ओळखीची इंग्रजी अक्षरं दिसत होती.

"इश्तिहारच हाय," ते म्हणाले. "कुठला ते धुतल्यावर कळंल."

त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यात थेंब ठेवला. आम्ही दोघांनी शंभर मोजले. टीपकागद दाबला. कोरा. त्यांनी दुसऱ्यांदा थेंब ठेवला. पुन्हा कोरा. हे मी शपथेवर सांगते. त्या माणसानं हयगय केली नाही.

कागद पाण्यात गेला. भाभी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही वाकून बघू लागल्या. मुनीरभाई मऊ कुंचल्यानं हलके हलके फिरवत होते. काजळी सुटून पाणी काळं झालं. त्यांनी मगानं काळं पाणी काढून स्वच्छ घातलं. मी नेहमीप्रमाणे खालच्या बाजूला, भिंग डोळ्याला लावून, अक्षरांच्या पट्टीवर वाकले होते. या वेळी नाव सापडणारच असं मला का कोण जाणे वाटत होतं. पट्टीची कड मला जरा वर आलेली दिसली. म्हणजे पट्टी वेगळी छापून चिकटवलेली होती. असं का केलं असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि तेवढ्यात मुनीरभाईंचा कुंचला थांबला.

"हिरवी," ते म्हणाले.

मी वर बघायला हवं होतं. मी पट्टीच बघत होते. पाण्यात निळा ढग उठून माझ्या भिंगाखाली आला. सुंदर, गडद निळा. इतक्या वर्षांत ट्रेमधलं पाणी निळं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"अम्मी," मुनीरभाई म्हणाले. मग ओरडले, "ताई, रंग जातोय! हा छापलेला नाय! हातानं काढलेला हाय!"

सगळा उलगडा त्या एका क्षणात झाला आणि तो काही उपयोगाचा नव्हता. हे चित्र कधी छापलंच गेलं नव्हतं. छापखान्यानं नमुना म्हणून खाली छापील पट्टी चिकटवून बघितली असेल आणि मग ते परत दिलं असेल. समुद्रावर शाल कोण पांघरतं, असंही कोणी म्हटलं असेल. शेकड्यानं नव्हतं, एकच होतं. डिंकात कालवलेल्या रंगाचं. आणि थेंब ठेवला होता तो पट्टीवर.

ओला कागद उचलला तर फाटतो. ठेवला तर रंग जातो. मुनीरभाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात होते आणि ते कुठंच हलवता येत नव्हते. मग त्यांनी उजवा तळहात पसरून चित्रातल्या चेहऱ्यावर ठेवला. पाण्यापासून झाकायला. एखाद्याच्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून आपण हात धरतो, तसा. मी झटकन ट्रेचं एक टोक उचललं, पाणी ओतून दिलं. पाणी सगळं निळं, हिरवं होऊन फरशीवर पसरलं.

त्यांनी हात उचलला. खाली पांढरा कागद होता. जे काही उरलं होतं ते त्यांच्या तळहातावर होतं.

भाभी प्रथम बोलल्या. "या अल्लाह." बाजारातून रिक्षांचे आवाज येत होते. मुनीरभाई स्टुलावर बसले. उजवा तळहात गुडघ्यावर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. तिथं गव्हाळ आणि तपकिरी रंगाचा एक फराटा होता. त्यात चेहरा शोधायचा म्हटला तरी कसा शोधणार?

दिवस कलायला लागला, असरची अजान झाली. मुनीरभाईंची नमाज मी तरी कधी चुकलेली पाहिली नव्हती. भाभींनी नमाजाआधी हात-तोंड धुवायला पाण्याचा लोटा आणून ठेवला.

"वझू नहीं करते?"

"नक्को."

तासभर गेला, दुसराही गेला. मी जमीन पुसली. तो पांढरा कागद टीपकागदांमध्ये घालून ठेवला. दुकानात दिवा लावायची वेळ झाली, मगरीबची अजान झाली, तरी ते तसेच. तेव्हा भाभी त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"अजी, तिला अल्लानं नेलं त्याला सत्तर वर्षं होत आली. आता हात तरी धुवा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. भाभींनी त्यांचं मनगट धरलं आणि स्वतःच पाणी घातलं. मुनीरभाईंनी हात ओढला नाही. लहान मुलासारखे रडले मात्र, मोठ्यानं, आणि मी तोंड फिरवून मोरीकडे बघत राहिले.

त्या रात्रीपासून मुनीरभाईंना एकच ध्यास लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे होते.

"ताई, तुम्ही पाहिलं ना? चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ होती. पण पाहिलं ना तुम्ही?"

रझियाभाभी तेव्हा ट्रेपाशी त्यांच्या पाठीमागून वाकून बघत होत्या, त्यांना काही दिसलं नव्हतं. त्या माणसाच्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हणणं मला झालं नाही. "पाहिलं," मी म्हटलं.

ते रोज यायला लागले, ओसरीवरच बसायचे. कपाळ त्यांना आठवत होतं. डोळे आठवत होते, "जरा झुकलेले, कुणी काय तरी विचारल्यावानी." शाल तर धाग्यासकट आठवत होती. पण खालचा भाग काजळीतून निघत असतानाच त्यांनी हात ठेवला होता.

"माझ्याच हातानं झाकलं मी. नाक सरळ होतं ना, ताई?"

"हो, सरळ."

"आणि हनुवटी?"

ते असे पुढं वाकून बसायचे, की मी उठून चहा ठेवायला जायची. आठ दिवस मी टाळलं. नवव्या दिवशी ते म्हणाले, "मला आता कपाळ बी फिकं दिसायला लागलंय. कायतरी सांगा, ताई. एखादी खूण. त्या खुणेला धरून बाकीचं तरी राहील."

"तीळ होता," मी म्हणाले. "हनुवटीवर. उजव्या बाजूला."

दुसरं काय देणार? माझ्याकडे जो चेहरा होता त्यातलंच दिलं. जन्मभर लोकांच्या मजकुरात आपल्या पदरचा एक काना घातला नाही, आणि इथं मी एका आईच्या तोंडावर दुसऱ्या आईचा तीळ ठेवून दिला.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. त्यांनी भाभींना हाक मारून सांगितलं, फोन करून मुलीला सांगितलं. बाजारात चहावाल्याला सांगितलं. माझ्या अम्मीला तीळ होता, हनुवटीवर. लोक म्हणायचे, वा! मी ऐकायची आणि गप्प बसायची. खरं सांगायला चार वेळा गेले आणि चारही वेळा साखर, दही असलं काहीतरी मागून परत आले.

पण त्यांनी पुन्हा कुठल्याही तसबिरीची पाठ उघडली नाही. उलटंच सुरू झालं. पेटाऱ्यातले सगळे इश्तिहार ते एकेक करून ज्याच्या त्याच्या घरी परत न्यायला लागले. तसबीर उतरवायची, इश्तिहार मागं घालायचा, चुका ठोकायच्या. गायकवाड गुरुजींकडे पुरी परत गेली. गुरुजींनी पुन्हा पाऊण तास तसबीर उभी धरली आणि एकही प्रश्न विचारला नाही. जी घरं पडली होती, त्यांचे कागद ते ओळखीच्या घरी ठेवायचे. हाताचा कंप वाढला होता. चुका वाकड्या बसायच्या.

नांदेडहून मुलगी आली. आता आई-वडिलांना इथं एकटं ठेवणार नाही म्हणाली. दुकान आवरलं. नांदेड म्हणजे मुंबईच्या बरोबर उलट दिशेला. भाभी मला म्हणाल्या, "ताई, माझा दर्या राहिलाच." एवढंच म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

निघायच्या दिवशी सकाळी मुनीरभाई माझ्याकडे आले. काखेत शेवटचा इश्तिहार होता, खडकांचा.

"हा तुमच्याकडं ठेवतो. तुमच्या आईच्या मागं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोटो उतरवला. पहिल्या दिवशीसारखाच उलटा करून मांडीवर घेतला. चुका काढल्या, कागद घातला, चुका ठोकल्या. या खेपेला मात्र टांगायच्या आधी त्यांनी तो सरळ केला. काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते. ते पुसायला म्हणून त्यांनी खिशातून रुमाल काढला, काचेवर फिरवला, आणि रुमाल खाली येता येता थांबला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला पळून जावंसं वाटलं.

ते बघत राहिले. माझी आई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी रुमालाच्या टोकानं तो तीळ एकदा पुसून पाहिला. डाग असावा तसा. तो गेला नाही.

"ताई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "नाक?"

मी दाराची चौकट धरली.

"तुम्ही पाहिलं नव्हतं."

"मी खाली बघत होते, मुनीरभाई. नाव शोधत होते."

त्यांनी मान डोलावली. ठरल्याप्रमाणेच तर होतं सगळं. चेहरा त्यांनी, नाव मी. त्यांनी फोटो भिंतीवर अडकवला, दोन पावलं मागं गेले, पुढं येऊन बोटानं कोपरा जरा वर केला. इतक्या वर्षांचा तिरका फोटो सरळ झाला.

"मग, सापडलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हौ," ते म्हणाले आणि निघाले.

मी त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेले. रिक्षा उभी होती. आत भाभी आणि मुलगी, पायाशी गाठोडी, आणि मलमलीत गुंडाळलेली एक सुरळी. तो पांढरा कागद. त्याला भिंतीवर लावता येत नव्हतं आणि टाकताही येत नव्हतं. मुनीरभाई कडेला बसले. भाभींनी मला हात केला. त्यांनी केला नाही. त्यांचा उजवा तळहात गुडघ्यावर उताणा होता आणि रिक्षा वळेपर्यंत ते त्याच्याकडेच बघत होते.